टॅब बरोबर, तरी गाणं उभं राहत नाही

गिटारची पत्रं बरीच साठली होती. बहुतेकांचा रोख एकाच बाजूला दिसतो: १९५०च्या दशकातलं रॉक अँड रोल वाजवायचंय, टॅब (बोटं कुठल्या तारेवर कुठे ठेवायची ते आकड्यांत दाखवणारं लिखाण) हाताशी आहे, सूरही बरोबर लागतात, पण मजा येत नाही. त्यांतली काही पत्रं या अंकात घेतली आहेत. उत्तरांत पहिली तार म्हणजे सर्वांत बारीक आणि सहावी म्हणजे सर्वांत जाड; फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या. तारा नेहमीच्या पद्धतीनं लावलेल्या आहेत असं धरलं आहे.

प्रश्न: चक बेरीच्या ‘जॉनी बी. गुड’ची टॅब मिळवून सुरुवातीच्या तुकड्यासकट पूर्ण पाठ केली. एकही सूर चुकत नाही, मेट्रोनोमवर वेगही गाठला. तरी ऐकणारे म्हणतात, ‘छान आहे, पण पाठांतर वाटतं.’ नेमकं काय कमी पडतंय?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर: उजवा हात कमी पडतोय. टॅब तुम्हाला तार आणि फ्रेट सांगते. सूर किती जोरात मारायचा, कधी दाबून टाकायचा, ठोक्याच्या जरा अलीकडे ठेवायचा की पलीकडे, यातलं काही तिच्यात नसतं. आणि या संगीतात निम्म्याहून जास्त मामला तिथेच आहे.

दुसरं असं की, तुम्ही सुरुवात शेंड्याकडून केलीत. सुरुवातीचा तुकडा अवघ्या बारा बारचा (बार म्हणजे चार मात्रांचं एक आवर्तन), बाकी गाण्यात गिटारचं मुख्य काम ठेका धरण्याचं. तेव्हा तो तुकडा महिनाभर बाजूला ठेवा आणि ए पट्टीत बूगी, म्हणजे दोन तारांवर ये-जा करणारा ठेका, घ्या. पाचवी तार मोकळी, चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर पहिलं बोट. या दोन तारा एकत्र दोनदा मारायच्या. मग चौथ्या तारेवरच चौथ्या फ्रेटला अनामिका टेकवून दोनदा. पुन्हा दुसरा फ्रेट, पुन्हा चौथा. झाला एक बार, आठ ठोके. पहिलं बोट उचलायचं नाही, अनामिका फक्त वर-खाली होते. डी कॉर्डसाठी हीच आकृती एक तार खाली, म्हणजे चौथी मोकळी आणि बोटं तिसऱ्या तारेवर. ई साठी सहावी मोकळी आणि बोटं पाचवीवर. पहिलं बोट थोडं आडवं पडू द्या, म्हणजे खालच्या बारीक तारा त्याच्याच अंगानं दबून राहतील आणि चुकून पिक लागला तरी वाजणार नाहीत.

सगळे ठोके खालच्या दिशेनं मारायचे. वर-खाली मारलं की सोपं जातं खरं, पण वरचा ठोका आपोआप हलका पडतो आणि ठेक्यातली रग जाते. मूळ रेकॉर्डचा वेग मिनिटाला १६०च्या पुढे आहे, तिथे लगेच पोचायला जाऊ नका; ९० वर सुरू करा. मनगट भरून येत असेल तर पिक फार घट्ट धरलाय किंवा हात कोपरापासून हलतोय. पिक ०.७३ ते १ मिलिमीटरचा घ्या, त्याहून पातळ असला की फडफडतो. तळव्याची कड ब्रिजवर, तारा जिथे टेकतात बरोबर तिथे ठेवा. कड दोन सेंटिमीटर पुढे सरकली की नुसताच ठक्‌ आवाज येतो, सूर कळत नाही. कुठल्या ठोक्याला तळवा दाबायचा आणि कुठल्याला उचलायचा, तिथून तुमची स्वतःची निवड सुरू होते.

आता लय. शफलमध्ये, म्हणजे झोके घेणाऱ्या लयीत, प्रत्येक मात्रेचे तीन भाग पडतात. तोंडानं ‘त-कि-ट’ म्हणा, ‘त’ आणि ‘ट’वर मारा, ‘कि’ सोडून द्या. सरळ लयीत दोनच भाग: ‘त-क’. चक बेरीच्या त्या काळच्या रेकॉर्डवर बऱ्याचदा मागचा ड्रम आणि बेस थोडे ‘तकिट’कडे झुकलेले असतात आणि गिटार मात्र जवळपास सरळ ‘तक’ वाजवत असते. दोघांच्या मध्ये जी ओढाताण होते, तिच्यामुळे गाणं पुढे ढकलल्यासारखं वाटतं. मेट्रोनोमवर सगळं काटेकोर सरळ बसवलं की नेमकी तीच निघून जाते. म्हणून दोन्ही लयी वेगवेगळ्या पक्क्या करा, मग एक बार असा, एक बार तसा. हे जमलं की मधली जागा हाताला आपोआप सापडायला लागते. ती मोजून सापडत नाही.

आणखी एक अडचण खास आपल्याकडची. आपल्या कानाला समेची ओढ. टाळी द्यायला लागलो की ती पहिल्या मात्रेवर पडते. इथे चारपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर (ड्रमसंचातला कडक आवाजाचा ड्रम) वाजतो, वजन तिथे आहे. १२० वेगानं वाजवायचं असेल तर मेट्रोनोम ६० वर लावा आणि त्याचा प्रत्येक टक्‌ म्हणजे ‘दोन’ आणि ‘चार’ असं समजून वाजवा. पाय एक-तीनला, टाळी दोन-चारला, तोंडानं गाण्याचे शब्द. आधी गिटार न घेता. सुरुवातीला टक्‌ घसरून पुन्हा ‘एक’वर जाऊन बसेल, सगळ्यांचा बसतो.

मूळ रेकॉर्डबरोबर वाजवायचं तर ते बी फ्लॅटमध्ये आहे, म्हणजे पियानो आणि सॅक्सोफोनवाल्यांच्या सोयीची पट्टी. त्या जागी बंद आकृतीत बूगी करायची म्हणजे सहाव्या तारेचा सहावा फ्रेट, पाचव्या तारेचा आठवा आणि करंगळी दहाव्यावर. हात लहान असेल तर दुखणं ओढवून घ्याल. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा आणि ए च्याच आकृत्या वाजवा. बारा बारची चाल मात्र नीट ऐका: चार बार मूळ कॉर्ड (ए), दोन चौथी (डी), दोन मूळ, मग दोन पाचवी (ई) आणि दोन मूळ. पुष्कळजण सवयीनं दहाव्या बारला चौथ्या कॉर्डवर उतरतात आणि तिथे गाण्याशी खटका उडतो.

टॅब फेकून द्या असं म्हणणं नाही. बारा बारची चाल, कॉर्ड कुठे बदलते, गाण्याची ओळख ज्या दोन-तीन बारांवर आहे ते बार, एवढं अगदी तंतोतंत हवं. बाकीचं मोकळं. खुद्द चक बेरी गावोगावच्या स्थानिक वादकांना साथीला घेऊन, बहुतेकदा तालमीशिवाय उभा राहायचा. आणि ज्या सुरुवातीच्या तुकड्याची टॅब जगभर फिरते तो गायक लुई जॉर्डनच्या १९४६च्या एका रेकॉर्डमधल्या कार्ल होगनच्या गिटारवरून आलेला आहे. सूर जवळपास तेच, पण हात बदलला आणि वेगळी गोष्ट झाली.

प्रश्न: पेटी शिकले आहे, थोडं शास्त्रीय गाणंही. गिटारवर ब्लूज स्केल वाजवते तेव्हा ते धानी रागासारखं वाटतं, रॉक अँड रोलसारखं नाही. सोलोत सुचतही नाही काही. स्वरांच्या भाषेत समजावून सांगाल का?
— एक वाचिका, इचलकरंजी

उत्तर: कान बरोबर सांगतोय. सा, कोमल ग, म, प, कोमल नी: स्वर धानीचेच. फरक आहे खाली काय वाजतंय यात. धानीच्या खाली तानपुरा असतो. इथे खाली मेजर कॉर्ड आहे, म्हणजे साथीत शुद्ध गंधार ठणठणीत वाजतोय आणि वर तुम्ही कोमल गंधार लावताय. ही टक्कर टाळायची नसते, तीच हवी असते. शिवाय वरच्या उत्तरातली बूगी पाहा, ती पंचम आणि शुद्ध धैवत यांच्यात ये-जा करते. म्हणजे कोमल ग, शुद्ध ग, शुद्ध ध, कोमल नी असा सगळा कुटुंबकबिला एकाच घरात नांदतो.

सा म्हणजे ए धरा. तिसऱ्या तारेचा पाचवा फ्रेट कोमल ग, सहावा शुद्ध ग, सातवा म. दुसऱ्या तारेचा पाचवा प, पहिल्या तारेचा पाचवा वरचा सा. पहिलं बोट पाचव्या फ्रेटवर तिन्ही तारांवर आडवं ठेवा. या एवढ्याशा जागेत पुष्कळ काम होतं.

पहिला बोल: तिसरी आणि दुसरी तार एकत्र मारा आणि लगेच मधलं बोट तिसऱ्या तारेच्या सहाव्या फ्रेटवर आदळा. कोमल गंधाराचा कण लागून शुद्ध गंधार. लगेच पाठोपाठ पहिली-दुसरी तार एकत्र, पाचव्या फ्रेटवर. दुसरा बोल: अनामिका तिसऱ्या तारेच्या सातव्या फ्रेटवर, तार वरच्या बाजूला, चौथ्या तारेकडे ढकलून मध्यमाचा पंचम करायचा आणि त्याच्या जोडीला दुसऱ्या तारेचा पाचवा फ्रेट, दोन पंचम एकमेकांना घासत मिळतात. ढकलायला एकटी अनामिका पुरत नाही, मागे मधलं बोट लावा. तार परत येताना चौथी तार खणकन वाजत असेल तर पहिल्या बोटाचं टोक तिला हलकं टेकलेलं हवं. तिसरा बोल: अनामिका सातव्या फ्रेटवर तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेवर सपाट. हे दोन स्वर डी कॉर्डचेच आहेत, डी आली की हा. ई आली की याच दोन तारा नवव्या फ्रेटवर.

गंधाराचं एक पथ्य. मूळ कॉर्डवर कोमलकडून शुद्धकडे जा. चौथ्या कॉर्डवर गेल्यावर मात्र कोमलवरच थांबा. डी सेव्हनमध्ये तो स्वर मुळातच आहे आणि तिथे शुद्ध गंधार लांबवला की टोचतो. कोमल गंधार किंचित, अगदी श्रुतीभर वर चढवून सोडून द्यायचा, ही जागा पेटीवर नाही, तारेवर आहे. गळ्यातून मात्र तुमच्या सहज निघेल, म्हणून आधी गाऊन बघा. इथे गाणं शिकलेल्यांची एक खोड आड येते: स्वर धरला की आंदोलन सुरू होतं, मींड लांबत जाते. रॉक अँड रोलचा बेंड, म्हणजे तार ढकलून चढवलेला सूर, झटक्यात वर जातो आणि तुटतो.

सुचत नाही, कारण तुम्ही बहुधा स्केल वर-खाली करताय. गायक दोन बार गातो, पुढचे दोन बार गिटार उत्तर देते. या गाण्यांची घडणच सवाल-जवाबाची आहे. तेव्हा दोन बार स्वतः काहीही गुणगुणा आणि दोन बार वरच्या तीनांपैकी एकाच बोलानं उत्तर द्या. बोल तोच ठेवून जागा बदला: एकदा समेवरून, एकदा दुसऱ्या मात्रेवरून, एकदा मधल्या अर्ध्या मात्रेवरून. बंदिशीतला मुखडा वेगवेगळ्या मात्रेवरून उचलायची सवय असलेल्या माणसाला हे अवघड जाऊ नये. गुरूच्या पाठोपाठ म्हणत गळ्यात उतरवायची पद्धत अल्लादिया खाँसाहेबांच्या कोल्हापूर परिसराला नवीन नाही. रेकॉर्ड लावा, अडीच बारचा तुकडा थांबवा, गा, मग तारेवर शोधा. व्हिडिओचा वेग ०.७५पर्यंत कमी केलेला चालतो. त्याखाली ठोक्यांच्या कडा पुसट होतात आणि जी गोष्ट ऐकायची तीच ऐकू येत नाही.

प्रश्न: माझ्याकडे साधी अकूस्टिक गिटार आहे. तार ढकलून बोटं सोलली, सूर मात्र चढत नाही. इलेक्ट्रिक घेईपर्यंत थांबावं का? मी अकरावीत आहे.
— एक वाचक, कागल

उत्तर: थांबू नकोस. तुझ्या बोटांचा दोष नाही, तिसऱ्या तारेचा आहे. अकूस्टिकच्या नेहमीच्या संचात तिसऱ्या तारेवर वेटोळं गुंडाळलेलं असतं आणि ती जाड असते. इलेक्ट्रिकच्या ०.००९ किंवा ०.०१० इंचापासून सुरू होणाऱ्या संचात तीच तार साधी आणि १६-१७ हजारांश इंचाची, म्हणून सहज वाकते. इलेक्ट्रिकचा संच अकूस्टिकवर चढवता येतो, पण आवाज बारीक होतो आणि साधी तिसरी तार वरच्या फ्रेटवर थोडी चढी वाजते, कारण अकूस्टिकचा सॅडल (ब्रिजवरची तारा टेकणारी पट्टी) गुंडाळलेल्या तारेच्या हिशेबानं कापलेला असतो.

त्यापेक्षा बेंडच टाळ. मध्यमावरून पंचमावर जायचं तर करंगळीनं तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटवरून नवव्यावर घसर आणि लगेच दुसऱ्या तारेचा पाचवा फ्रेट मार. पाचव्यावरून सहाव्यावर आदळणारा बोल अकूस्टिकवर उलट जास्त खुलतो.

आणि हे लक्षात ठेव: एल्व्हिसच्या १९५४मधल्या सन या रेकॉर्ड कंपनीच्या पहिल्या रेकॉर्डमध्ये ड्रम नव्हताच. एल्व्हिसची अकूस्टिक, स्कॉटी मूरची इलेक्ट्रिक आणि बिल ब्लॅकचा उभा बेस, तो तारा फिंगरबोर्डवर आपटून वाजवायचा. ठेका तिघांनी मिळून उभा केलाय. अकूस्टिक हे तिथे ताशा-हलगीचं काम करतं. दोन आणि चारला डावा हात सैल करून तारा दाब, ‘चट्‌’ असा आवाज येऊ दे. झाला तुझा स्नेअर.

प्रश्न: ॲम्पवर डिस्टॉर्शन लावलं की हेवी मेटल होतं, काढलं की गिटार मिळमिळीत. मधलं कसं मिळवायचं?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर: त्या काळी डिस्टॉर्शनचे पेडल नव्हते. छोटे व्हॉल्व्हचे ॲम्प आवाज वाढवला की जरा फाटायचे, तेवढंच. गेन (आवाज फाडणारा नॉब) दहापैकी तीनवर, मिड आणि ट्रेबल सहा, बेस चार. कसोटी अशी: हलक्या हातानं मारलं तर स्वच्छ, जोरात मारलं तर किंचित खरखर. दोन्हीकडे सारखाच आवाज येत असेल तर गेन जास्त झालाय. गिटारवरचा व्हॉल्यूम सातवर ठेवा, सोलोला दहा. गेन जास्त असला की सगळे ठोके एका उंचीचे होतात, मग उजव्या हातानं काही करा, कळतच नाही.

सनच्या रेकॉर्डमधला जो लगेच परतणारा प्रतिध्वनी आहे तो कंपनीच्या मालकानं, सॅम फिलिप्सनं, दोन टेप रेकॉर्डर जोडून काढला होता. तुमच्याकडे डिले (प्रतिध्वनी देणारं उपकरण) असेल तर १२० मिलिसेकंदांच्या आसपास, पुनरावृत्ती एकच, मिश्रण पाव भाग. दोन-तीन पुनरावृत्ती झाल्या की बूगीचा चिखल होतो.

प्रश्न: कॉलेजच्या गॅदरिंगसाठी बँड बसवतोय. दोन गिटार, कीबोर्ड, बेस, ड्रम. प्रत्येकाचं एकट्याचं छान, एकत्र आलं की कुणाचंच काही ऐकू येत नाही.
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर: दोन्ही गिटार खालची बूगी वाजवतायत, कीबोर्डचा डावा हातही तिथेच आणि बेस तर आहेच, असं दिसतं. एकाच मजल्यावर चौघे. बूगी एकाच गिटारला द्या. दुसऱ्या गिटारनं पहिल्या तीन तारांवरच, वरच्या फ्रेटवर, दोन आणि चारला छोटे तुकडे मारावेत आणि बाकी वेळ गप्प बसावं. गप्प बसायला सांगितलं की गिटारवाले रुसतात, पण इलाज नाही. कीबोर्डचा डावा हात मांडीवर. उजव्या हातानं वरच्या सप्तकात प्रत्येक मात्रेला तीन-तीन ठोके. बेस प्रत्येक मात्रेला एक सूर: ए, सी शार्प, ई, एफ शार्प, मग जी, एफ शार्प, ई, सी शार्प, दोन बार झाले. कॉर्ड एकाच बारची असेल तर पहिले चारच.

मग आधी फक्त बेस आणि ड्रम यांना दहा मिनिटं वाजवू द्या. ड्रमवाला ‘तकिट’ की ‘तक’, हे तिथेच ठरतं. ते न ठरवता सगळे एकदम सुरू झाले की जो तो आपापली लय धरतो आणि वेग वाढत जातो. सोलोच्या वेळी बूगीवाल्यानं तळवा जास्त दाबावा, आवाजाचा नॉब फिरवायची गरज पडत नाही.

प्रश्न: पावसाळ्यात गिटार सुरात राहत नाही, तारा गंजतात, बोटं दुखतात. काय करावं?
— एक वाचक, रंकाळा परिसर

उत्तर: तारा वाजवून झाल्यावर कोरड्या सुती कापडानं वरून आणि खालूनही पुसा, गिटार भिंतीला न टांगता पेटीत ठेवा, आत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या, दाण्यांचा रंग बदलला की बदला. दमट हवेत लाकूड फुगून तारा फ्रेटपासून वर उचलल्या जातात, बोटं त्यानं दुखतात. सहावी तार पहिल्या फ्रेटवर आणि मान जिथे धडाला मिळते त्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून सातव्या फ्रेटवरची फट पाहा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी, ०.२ ते ०.३ मिलिमीटर, पुरे. जास्त असेल तर मानेतला रॉड घड्याळाच्या दिशेनं एका वेळी पाव वळसाच आवळा, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. रॉडचा नट फिरत नसेल तर जोर लावू नका, दुरुस्ती करणाऱ्याकडे द्या.

बेंड केल्यावर सूर उतरत असेल आणि खुंटी फिरवताना ‘टिक्‌’ असा आवाज येत असेल तर तार मानेच्या वरच्या टोकाच्या पट्टीच्या (तिलाही नटच म्हणतात) खाचेत अडकतेय. तार सैल करून खाचेत मऊ शिसपेन्सिल घासा. नव्या तारा चढवल्यावर प्रत्येक तार मधोमध धरून बोटभर ओढा, पुन्हा सुरात लावा. तीन-चार वेळा केलं की ताण बसतो.